गेमबुकमध्ये मारलेल्या शत्रूंची नोंद कशी ठेवावी

गेमबुक म्हणजे क्रमांक दिलेल्या परिच्छेदांचे असे गोष्टीचे पुस्तक, ज्यात नायक वाचकच असतो, पुढे कोणत्या परिच्छेदावर जायचे ते तोच निवडतो आणि लढाया बहुधा फाशांनी ठरतात. ते खेळणारा वाचक स्वतःच्या पात्राचा हिशेब अतिशय चोख ठेवतो. शिधा किती उरला, मोहरा किती मिळाल्या, कोणत्या किल्लीवर कोणता आकडा होता, हे सारे त्याच्या कागदावर असते; परंतु वाटेत आपल्या हातून किती जण मेले असे विचारले, तर त्याला अंदाजच सांगावा लागतो. यात दोष वाचकाचा थोडा आणि कागदाचा अधिक आहे. स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांचे ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ हे पुस्तक पफिनने १९८२ साली काढले आणि तेथून फायटिंग फँटसी ही मालिका सुरू झाली. तिच्या पुस्तकांत जो नोंदतक्ता छापलेला असतो, त्यात शत्रूंसाठी चौकटी असतात खऱ्या, पण त्या लढाई चालू असेपर्यंत आकडे मांडण्यापुरत्या असतात. शत्रूचा स्टॅमिना, म्हणजे जीवशक्तीचा आकडा, शून्यावर आला की चौकटीचे काम संपते आणि चौकटी भरल्या की आपण खोडरबर घेऊन त्या पुढच्या शत्रूसाठी मोकळ्या करतो. मेलेल्याची नोंद खेळाच्या सोयीसाठी पुसलीच जाते.

ती न पुसता कशी ठेवावी, कोणाला मोजावे, आणि मोजून झाल्यावर त्या आकड्याकडे कसे पाहावे, याविषयी हे टिपण आहे. आधीच सांगून ठेवतो की नुसती बेरीज फारशा कामाची नसते. एखाद्या पुस्तकात तुमच्या हातून पंचवीस जण मेले, याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की लेखकाने वाटेत पंचवीस जण उभे केले होते. प्रत्येक मृत्यूसमोर पानाने दुसरी कोणती वाट देऊ केली होती हे लिहिले, तरच त्या नोंदीतून वाचकाविषयी काही कळते. म्हणून वहीतील सर्वांत महत्त्वाचा रकाना संख्येचा नसून दुसऱ्या वाटेचा आहे.

वही आणि रकाने

पुस्तकातला तक्ता वापरू नये. दुकानांत हिशेबाला वापरतात ती लांबट, उभ्या रेघांची वही यासाठी उत्तम, कारण तिच्यात रकाने आयते आखलेले असतात. पहिल्या रकान्यात परिच्छेदाचा क्रमांक लिहावा. दुसऱ्यात समोर कोण आहे ते, पुस्तकाने नाव दिले असेल तर नावासह, लिहावे. ‘पहारेकरी’ आणि ‘डाव्या डोळ्यावर पट्टी बांधलेला पहारेकरी’ यांत पुढे फरक पडतो, कारण पंधरा परिच्छेदांनंतर त्याचा भाऊ भेटू शकतो. तिसऱ्यात संख्या लिहावी. चौथ्यात शेवट कसा झाला ते लिहावे, म्हणजे मेला, पळाला, शरण आला, बेशुद्ध पडला की सोडून दिला. पाचवा रकाना सर्वांत रुंद ठेवावा, कारण त्यात दुसरी वाट लिहायची आहे.

हा पाचवा रकाना फासे टाकण्याआधी भरावा. लढाई संपल्यावर कोणीही मागे वळून उरलेले पर्याय वाचत नाही. जिंकल्यावर नजर सरळ ‘जिंकलात तर अमुक परिच्छेदावर जा’ या ओळीवर जाते आणि पान उलटले जाते. म्हणून शत्रू दिसताच प्रथम पेन्सिल उचलावी, पानावरील सर्व पर्याय क्रमांकांसह उतरवावेत आणि मगच फासे हातात घ्यावेत. माझ्या वहीतील एक ओळ नमुन्यादाखल देतो. ती मुलांसाठी मी स्वतः रचलेल्या एका छोट्या साहसातील असून ते तापीकाठच्या थाळनेरच्या किल्ल्यात, फारुकी राजवटीच्या काळात घडते:

‘परिच्छेद ३४. दिंडी दरवाजावरचा पहारेकरी, झोपलेला, भाला भिंतीला टेकवलेला. एक. मेला. दुसरी वाट: हळूच पुढे जाणे (५१), भाला उचलून त्याला उठवणे (१९), परत फिरणे (८).’

एका मृत्यूसमोर तीन वाटा लिहिलेल्या आहेत. याच साहसात पुढे भुयारात एक लांडगा अंगावर येतो आणि तेथे पानावर लढण्यावाचून काहीच दिलेले नाही; त्याच्या ओळीत पाचव्या रकान्यात फक्त एक आडवी रेघ आहे. वही चाळताना आधी या रेघा मोजाव्यात. त्या मृत्यूंचा भार लेखकाकडे जातो आणि उरलेल्यांचा वाचकाकडे.

टोळ्या आणि झुंडी आल्या की संख्येच्या रकान्यात धान्याची पोती मोजताना मारतात तशा चार उभ्या आणि पाचवी आडवी अशा रेघा माराव्यात. पुस्तकाने आकडाच दिला नसेल, उदाहरणार्थ ‘पूल कोसळला आणि पाठलाग करणारे नदीत पडले’, तर ‘अनेक’ असे लिहावे. अंदाजाने दहा किंवा वीस लिहू नये. तसे केल्यास शेवटची बेरीज तुमच्या कल्पनेची होते.

कोणाला मोजावे

याविषयी वाचकांत बरेच मतभेद असतात. मी पाळतो ते नियम येथे देतो. कोणाला ते बदलायचे असतील तर खुशाल बदलावेत, मात्र पुस्तक सुरू करण्यापूर्वी बदलावेत, मध्येच बदलू नयेत.

फाशांनी झालेल्या लढाईत मेलेला शत्रू मोजावा, हे उघड आहे. फासे न टाकता, केवळ कथनाच्या ओघात मेलेला शत्रूही मोजावा. ‘तुम्ही त्याला कड्यावरून ढकलून देता’ या वाक्यात फासे नसले तरी ढकलणारे तुम्हीच आहात, आणि ते वाक्य ज्या परिच्छेदात आहे तेथे तुम्ही स्वतःच्या निवडीने पोहोचलेले आहात. गेमबुकमधील पुष्कळ मृत्यू असेच एका उपवाक्यात उरकलेले असतात आणि मोजणीतून नेमके तेच निसटतात. शत्रूला कोंडून आग लावली, विषारी पाण्याची माहिती असूनही त्याला पिऊ दिले, जखमी अवस्थेत बर्फात सोडले, ही सारी उदाहरणे पूर्ण एक म्हणून मोजावीत. अर्धा मृत्यू असा हिशेब मी काही दिवस करून पाहिला. त्यातून भांडणाखेरीज काही निष्पन्न होत नाही.

सोबत्याने मारलेला शत्रू वेगळ्या ओळीत, सोबत्याच्या नावाने लिहावा. हाडांचे सापळे, मंत्राने चालणाऱ्या मूर्ती आणि भुते यांच्यासाठी स्वतंत्र पान ठेवावे. तेथे ‘मेला’ऐवजी ‘मोडला’ लिहिले तरी चालते. आभास निघालेला शत्रू मोजू नये, पण तो आभास आहे हे मारण्याआधी तुम्हाला माहीत नसेल तर समासात एक खूण करून ठेवावी. प्राण्यांना मात्र माणसांच्याच पानावर ठेवावे. ‘प्राणी आहे, चालायचेच’ म्हणून त्यांना वगळणारे पुष्कळ आहेत; पण सातपुड्यात वाट तुडवणाऱ्या कोणालाही ठाऊक असते की जनावर बहुतेक वेळा वाट सोडून निघून जाते, आणि गेमबुकमधले जनावर जात नाही याला कारण जनावराचा स्वभाव नसून लेखकाची सोय असते.

एकच पुस्तक पुन्हा पुन्हा खेळले जाते, तेव्हा प्रत्येक डावासाठी नवे पान घ्यावे आणि डावांची बेरीज करू नये. आपले पात्र मेले की तो डाव संपला आणि त्या डावातील मृतही त्याच पानावर राहिले. आता बोट पानात अडकवून ठेवण्याचा प्रश्न. पुढे काय होते ते पाहून मागे येण्याची सवय गेमबुक वाचणाऱ्या प्रत्येकाला असते, आणि तिला बंदी घालण्यात अर्थ नाही. मात्र मारून पाहिले, पसंत पडले नाही आणि मागे आलात, तर ती ओळ पुसू नये. तिच्यावर एक सरळ रेघ मारावी, म्हणजे मजकूर वाचता येईल. पुसलेल्या ओळींपेक्षा रेघ मारलेल्या ओळी वाचायला फार मनोरंजक असतात.

मारणे स्वस्त का पडते

येथे थोडे गणित करणे भाग आहे, कारण खेळाचे नियमच वाचकाला एका बाजूला ढकलत असतात आणि हे ढकलणे आकड्यांशिवाय दिसत नाही. फायटिंग फँटसीच्या पद्धतीत तुमचे स्किल (लढण्याचे कौशल्य) म्हणजे एक फासा अधिक सहा आणि स्टॅमिना म्हणजे दोन फासे अधिक बारा. लढाईच्या प्रत्येक फेरीत दोन्ही बाजूंसाठी दोन-दोन फासे टाकून त्यात आपापले स्किल मिळवतात. ज्याची बेरीज अधिक, त्याचा वार बसतो आणि दुसऱ्याचा स्टॅमिना दोनने कमी होतो. बेरीज समान आली तर कोणालाच इजा होत नाही.

समजा, तुमचे स्किल १० आहे आणि समोरच्या पहारेकऱ्याचे स्किल ७ व स्टॅमिना ६ आहे. चार फाशांच्या एकूण १२९६ शक्यता मांडल्या तर त्यांपैकी ९८६ वेळा वार तुमचा बसतो, २०६ वेळा त्याचा आणि १०४ वेळा बरोबरी होते. म्हणजे ढोबळमानाने शंभरातील ७६ फेऱ्या तुमच्या आणि १६ त्याच्या. त्याला मारायला तीन वार पुरतात. तेवढे वार बसेपर्यंत तुम्हाला सरासरीने सव्वा स्टॅमिना गमवावा लागतो. आता पळून जाण्याचा नियम पाहावा. पानाने पळण्याची मुभा दिली असेल तर पळताना शत्रूचा एक वार हमखास बसतो आणि दोन स्टॅमिना जातो. या पहारेकऱ्याला ठार मारणे सव्वाला पडते आणि त्याला जिवंत सोडून निघून जाणे दोनला पडते. शिवाय मेलेल्याच्या कमरेची थैली मिळते, ती वेगळीच.

आता समोर तुमच्याइतक्याच स्किलचा, स्टॅमिना १० असलेला शत्रू आणावा. दोघांचे वार सारख्याच वेळा बसणार, म्हणजे त्याला पाच वार बसेपर्यंत तुम्हालाही सरासरीने पाच बसतात आणि दहा स्टॅमिना जातो. येथे दोन देऊन पळणे शहाणपणाचे ठरते. परिणाम असा की जो वाचक केवळ आकड्यांकडे पाहून खेळतो, तो दुबळ्यांना मारत जातो आणि बलवानांना सोडत जातो. त्याच्या वहीत ‘सोडून दिले’ अशा नोंदी पुष्कळ दिसतील, पण त्यांचे कारण भीती असेल. म्हणून ‘सोडून दिले’ लिहिताना शेजारी शत्रूचे स्किल लिहावे आणि जेथे ते तुमच्यापेक्षा निदान दोनने कमी असेल, तेवढीच नोंद दया म्हणून धरावी.

जो डेव्हर यांच्या लोन वुल्फ मालिकेत, जिची सुरुवात १९८४ साली ‘फ्लाइट फ्रॉम द डार्क’ने झाली, फासे नाहीत, आकड्यांच्या तक्त्यावर बोट ठेवून ० ते ९ मधला अंक काढतात. तेथे माघार घेता येते तेव्हा त्या फेरीत तुमचे नुकसान धरले जाते आणि शत्रूचे धरले जात नाही. नियम वेगळा असला तरी कल तोच राहतो. (ही मालिका लेखकाच्या परवानगीने प्रोजेक्ट एऑन या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येते. धुळे, जळगाव किंवा नंदुरबारच्या पुस्तकांच्या दुकानांत अशी पुस्तके क्वचितच दिसतात, त्यामुळे नव्या वाचकाने तेथूनच सुरुवात करावी हे बरे.)

झोपलेला, पाठमोरा आणि शरण आलेला

पाचवा रकाना नीट भरला गेला की त्यातील काही ओळी आपोआप वर येतात. त्यांना सहावा रकाना द्यावा, आणि त्यात शत्रू त्या क्षणी कोणत्या अवस्थेत होता ते लिहावे. यासाठी नवी यादी तयार करण्याची गरज नाही. महाभारताच्या भीष्मपर्वात युद्धापूर्वी दोन्ही पक्ष नियम ठरवतात, ते जवळपास जसेच्या तसे वापरता येतात: जो दुसऱ्याशी लढण्यात गुंतला आहे, जो बेसावध आहे, ज्याने पाठ फिरवली आहे, ज्याचे शस्त्र संपले आहे, ज्याच्या अंगावर कवच नाही, त्याला मारू नये, सारथी, ओझ्याची जनावरे, शस्त्रे पुरवणारे आणि भेरी-शंख वाजवणारे यांच्यावर वार करू नये. गेमबुकमधला नगारा वाजवणारा गोब्लिन (परीकथांतला बुटका राक्षस) याच शेवटच्या वर्गात बसतो, आणि तो बहुतेक सर्व वाचकांच्या वहीत ‘मेला’ म्हणून असतो, कारण तो नगारा वाजवून इतरांना जागे करील अशी भीती पान आधीच घालून ठेवते.

हे नियम पुढे त्याच युद्धात मोडले गेले, हे सर्वांना माहीत आहे. सौप्तिकपर्वात अश्वत्थामा रात्री पांडवांच्या छावणीत शिरून झोपलेल्यांना मारतो. त्याचा मणी काढून घेतला जातो, पण त्याला जिवे मारले जात नाही. भटकत राहणे ही त्याची शिक्षा ठरते. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातील अस्तंबा शिखरावर दिवाळीत यात्रा भरते ती त्याच्याच नावाने, आणि डोक्यावरच्या जखमेसाठी तेल मागत तो या डोंगरांत फिरतो असे आमच्याकडे मानले जाते. झोपलेल्याला मारण्याविषयी खानदेशातील मुलांना वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही, याला ही यात्रा काही अंशी कारण असावी.

वर दिलेले थाळनेरचे साहस मी वाचनालयात मुलांसमोर वाचत असताना परिच्छेद ३४ वर बहुतेक हात मारण्याच्या बाजूने वर झाले. पहारेकरी मेला, किल्ली मिळाली, मुले खूश झाली. त्यानंतर मागच्या रांगेतून एका मुलीने विचारले, “सर, तो ते जपेल व्हता, मंग त्याले काबर मारं?” (तो तर झोपलेला होता, मग त्याला का मारले?) एकाने उत्तर दिले की किल्ली त्याच्याकडे होती. तिने पुस्तक मागून घेतले आणि ५१ वाचला. किल्ली आतल्या बाजूला खुंटीवर टांगलेली होती आणि पहारेकऱ्याला न उठवता ती घेता येत होती. तेव्हापासून गटात खेळताना आम्ही प्रत्येक लढाईपूर्वी हात मोजतो आणि सहाव्या रकान्यात ‘बाजूने इतके, विरुद्ध इतके’ असे लिहितो. गटाच्या हातून झालेला मृत्यू कोणा एकाच्या नावावर टाकता येत नाही, पण विरोध कोणी केला होता हे नोंदीत राहावे.

सर्वांत अवघड नोंद शरण आलेल्याची असते. पुस्तकात शरणागती सहसा एका वाक्यात येते: ‘तो तलवार टाकून दयेची याचना करतो.’ प्रत्यक्षात ती इतकी स्वच्छ नसते, आणि याचे उदाहरण त्याच थाळनेरच्या दरवाजात घडलेले आहे. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर थॉमस हिस्लॉप यांच्या फौजेने या किल्ल्यावर हल्ला केला. किल्लेदार बाहेर येऊन इंग्रजांच्या स्वाधीन झाला. मात्र आतल्या शिबंदीपर्यंत शरणागतीच्या अटी नीट पोहोचल्या नव्हत्या. आतल्या दरवाजाने काही इंग्रज अधिकारी आणि शिपाई आत गेले, तेथे झटापट होऊन त्यांच्यापैकी काही मारले गेले, आणि त्यानंतर बाहेरची फौज आत शिरून तिने सुमारे ३०० जणांची शिबंदी कापून काढली. किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी दिले गेले. त्या फाशीविषयी पुढे ब्रिटिश संसदेतही प्रश्न विचारले गेले.

हा प्रसंग गेमबुकमध्ये असता तर तो एका ओळीत लिहिता आला नसता. किल्लेदाराची एक ओळ, आतल्या शिबंदीची दुसरी आणि मारल्या गेलेल्या अधिकाऱ्यांची तिसरी, अशा निदान तीन ओळी लागल्या असत्या, आणि प्रत्येकीत ‘शरण’ या शब्दाचा अर्थ वेगळा झाला असता. म्हणून शरणागतीची नोंद करताना तीन गोष्टी लिहाव्यात: शस्त्र कोणी टाकले, कोणाच्या वतीने टाकले, आणि ज्यांच्या वतीने टाकले त्यांना ते कळले होते का. पुस्तकात सरदार शरण येतो आणि त्याचे शिपाई लढत राहतात, अशा जागी ही नोंद फार उपयोगी पडते. अन्यथा वाचक ‘त्यांनी दगा दिला’ असे लिहून मोकळा होतो आणि शिपायांना काही सांगितलेच गेले नव्हते हे त्याच्या लक्षात येत नाही.

हेतूची नोंद पहिल्या पानावर

डाव सुरू करण्यापूर्वी, वहीच्या पहिल्या पानावर, आपले पात्र या मोहिमेवर का निघाले आहे ते एका वाक्यात लिहावे. हे काम क्षुल्लक वाटते, परंतु शेवटी वही वाचताना ते वाक्य सर्व ओळींवर सावली धरते. वर उल्लेखिलेल्या १९८२ च्या पुस्तकात नायक डोंगरात शिरतो तो जादूगाराचा खजिना मिळवण्यासाठी. त्या डोंगरात राहणाऱ्यांनी त्याचे काही बिघडवलेले नसते. अशा डावात ‘त्याने आधी हल्ला केला’ हे कारण सहाव्या रकान्यात लिहिताना हात थोडा अडखळायला हवा, कारण परक्याच्या घरात रात्री शिरलेल्या माणसावर घरच्या माणसाने आधी हल्ला केला, एवढेच घडलेले असते. गाव वाचवण्यासाठी निघालेल्या नायकाची गोष्ट निराळी. जॅक्सन यांच्याच ‘क्रीचर ऑफ हॅव्हॉक’ या १९८६ च्या पुस्तकात तर वाचक स्वतः राक्षस असतो आणि सुरुवातीला त्याचे वागणे त्याच्या हातीही नसते, फाशांच्या हाती असते. तेथे पाचव्या रकान्यात बराच काळ आडव्या रेघाच येतात, आणि ज्या परिच्छेदावर पहिली खरी निवड मिळते त्याच्याभोवती वर्तुळ काढून ठेवावे.

अटळ मृत्यूंचा आकडा

पुस्तक एकदा पूर्ण झाले की दुसरा डाव केवळ कमीत कमी मृत्यूंसाठी खेळावा. यासाठी परिच्छेदांचा नकाशा लागतो: प्रत्येक क्रमांकाभोवती वर्तुळ, तेथून निघणाऱ्या वाटांचे बाण, आणि जेथे लढाईखेरीज बाण नाही तेथे लाल खूण. नकाशा भिंतीवर लावण्याएवढा मोठा होतो, म्हणून जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर काढावा. प्रारंभापासून शेवटापर्यंत जाणाऱ्या ज्या वाटेवर लाल खुणा सर्वांत कमी, त्या वाटेवरील मृत्यू म्हणजे त्या पुस्तकाचा अटळ आकडा. पहिल्या डावातील बेरजेतून तो वजा केला की जे उरते, ते वाचकाचे स्वतःचे.

यात एक अडचण येते. काही पुस्तकांत शेवट गाठण्यासाठी विशिष्ट वस्तू लागतात. जादूगाराच्या खजिन्याची पेटीही किल्ल्यांवाचून उघडत नाही. वस्तू ज्याच्याजवळ आहे त्याला मारण्याची सक्ती पानावर नसते, पण न मारल्यास तीनशे परिच्छेदांनंतर वाट बंद होते. असा मृत्यू अटळ धरावा की नाही? माझ्या मते पहिल्या डावात तो अटळ धरू नये, कारण मारताना ती वस्तू लागणार हे तुम्हाला ठाऊक नव्हते. दुसऱ्या डावात धरावा, पण त्याच्यासमोर ‘वस्तूसाठी’ असे स्पष्ट लिहावे. काही जण याच्या नेमके उलट मत देतात आणि त्यांचेही म्हणणे अगदीच टाकाऊ नाही: दुसऱ्या डावात सर्व माहीत असूनही तुम्ही ते पुस्तक पुन्हा हातात घेतले, हीदेखील निवडच आहे.

नियमांत करता येण्याजोगा बदल

मारणे स्वस्त आणि सोडणे महाग हा कल बदलायचा असेल तर स्वतःच्या घरापुरता नियम बदलता येतो. पुस्तकातील आकड्यांना हात न लावता मी एवढेच करतो: बोलू शकणाऱ्या शत्रूचा स्टॅमिना दोन किंवा त्याहून कमी झाला की लढाई थांबवून एक फासा टाकावा. १ ते ३ आल्यास तो लढत राहतो, ४ ते ६ आल्यास शस्त्र टाकतो. वरच्या उदाहरणातील पहारेकरी दोन वारांनंतर या टप्प्यावर येतो, आणि तोवर तुमचा सरासरीने एकापेक्षा कमी स्टॅमिना गेलेला असतो. म्हणजे आता त्याला सोडणे मारण्यापेक्षा स्वस्त झाले. ते तसेच फुकटात राहू नये म्हणून शरण आलेल्याला आपल्या शिध्यातील एक वाटा द्यावा. ज्या पुस्तकांत सुरुवातीला दहा जणांपुरता नव्हे तर दहा वेळांपुरता शिधा मिळतो आणि प्रत्येक वेळी चार स्टॅमिना भरून येतो, तेथे ही किंमत चांगलीच जाणवते. शिधा संपल्यावर शरण आलेल्याचे काय करायचे, याचे उत्तर नियमात मुद्दाम दिलेले नाही. तेथे गटाने हात मोजावेत आणि सहाव्या रकान्यात लिहावेत.

हा नियम लावल्यावर पुस्तक फार सोपे होते का, हे तपासण्यासाठी एकच पुस्तक एकदा नियमासह आणि एकदा नियमावाचून खेळून दोन्ही पाने शेजारी ठेवावीत. लढाया थोड्या लवकर संपतात, पण शिधा लवकर आटतो, आणि शेवटच्या पन्नासएक परिच्छेदांत बहुतेकांचे हात पुन्हा मारण्याच्या बाजूने वर जाऊ लागतात. तेथे स्टॅमिना किती उरला होता, तो आकडाही त्याच ओळीत लिहून ठेवावा.